आभाळातले दप्तर

आमच्या शिक्षक सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळाची सभा सहसा अर्ध्या तासात आटोपते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करावयाचे, आलेल्या कर्जअर्जांवर जामीनदारांच्या सह्या आहेत की नाहीत ते पाहावयाचे, चहा घ्यावयाचा आणि आपापल्या वाटेला लागावयाचे, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गेल्या श्रावणातील सभेत मात्र विषयपत्रिकेवरील चौथ्या विषयाने आमचे तीन तास घेतले. विषय एका ओळीचा होता: ‘संस्थेचे दप्तर क्लाउडवर नेण्याबाबत विचारविनिमय करणे.’

मी मराठीचा विद्यार्थी. ‘क्लाउड’ हा शब्द कानी पडताच मला कालिदासाचा यक्ष आठवला. त्या बिचाऱ्याने आपला सर्वांत खाजगी निरोप एका मेघाच्या हवाली केला. वाटेत तो निरोप मेघाने आणखी कुणाला ऐकवला तर काय, ही शंका काही त्याच्या मनाला शिवली नाही. मी हे सभेत बोलून दाखवले. शेजारी बसलेले गणिताचे शिक्षक शांतपणे म्हणाले, “सर, त्या यक्षाच्या डोक्यावर बाराशे सभासदांच्या ठेवी नव्हत्या.”

चेअरमनसाहेबांनी मग तो विषय माझ्याच गळ्यात घातला. “तुम्ही एम. ए. झालेले, वाचणारे. महिनाभरात एक टिपण द्या.” मराठी घेऊन एम. ए. झालेला मनुष्य संगणकाच्या प्रश्नावर अधिकारी कसा ठरतो, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही. परंतु सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला जनगणनेपासून अक्षर दासोहाच्या भातापर्यंत सर्व काही येते, असा एक सार्वत्रिक समज असल्यामुळे मी ते काम मुकाट्याने पत्करले.

टिपणाच्या पहिल्याच पानावर मला लिहावे लागले, की या मेघात मेघासारखे काहीही नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या, दूरच्या इमारतीत रांगेने उभे केलेले सहस्रावधी संगणक. त्यांची जागा आणि त्यांचे श्रम आपण भाड्याने घ्यावयाचे, आणि जितके वापरावे तितकेच भाडे भरावयाचे. अमेझॉन कंपनीने २००६ साली हा भाड्याचा व्यवहार मोठ्या प्रमाणावर सुरू केला. पुढे मायक्रोसॉफ्ट, गूगल आदी कंपन्या त्यात उतरल्या. आपल्या बाजूस पाहावयाचे तर मायक्रोसॉफ्टचे असे केंद्र २०१५ साली पुण्यात निघाले, अमेझॉनचे २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत. म्हणजे आमची खतावणी आभाळात नव्हे, तर पुण्यास किंवा मुंबईस जाणार होती. हे ऐकताच आमचे एक ज्येष्ठ, निवृत्त संचालक उद्गारले, “आम्ही नाही, तर निदान आमची खतावणी तरी महाराष्ट्रात जाईल!” त्या सभेत तेवढा एकदाच हशा पिकला.

दप्तर हलविण्याची गरज खरोखर होती काय? होती. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत आमच्या कचेरीत गुडघाभर पाणी शिरले. खालच्या कप्प्यातील जुन्या खतावण्या, कर्जरोखे, जामीनपत्रे भिजून एकमेकांना चिकटली. पाऊस ओसरल्यावर आम्ही शिक्षक मंडळींनी ती पाने एकेक सोडवून शाळेच्या वर्गात बाकांवर वाळत घातली. शाई पसरलेली, आकड्यांच्या जागी निळे डाग. संगणक टेबलावर होता म्हणून बचावला. चार बोटे पाणी अधिक चढते तर तोही गेला असता, आणि त्याच्या शेजारीच ठेवलेली त्याची प्रतही. बाराशे कुटुंबांची आयुष्यभराची बचत ज्या कागदांनी सिद्ध होते, ते कागद एका खोलीत, एका नाल्याच्या काठी होते. अशा स्थितीत दूर कुठेतरी पक्क्या इमारतीत आपली प्रत असावी, असे वाटणे हा काही आधुनिकतेचा सोस नव्हे.

तरीही माझे मन पुढे जाईना. त्याचे कारण पुराच्याही पलीकडचे, आणि सांगावयास अवघड असे आहे. ते येथे सांगितलेच पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या काही सभासदांना अनोळखी फोन येऊ लागले. बोलणारा मनुष्य स्वस्त व्याजाचे कर्ज देऊ करी. परंतु बोलण्याच्या ओघात, “तुमच्या सोसायटीचे इतके कर्ज बाकी आहे, ते आम्ही फेडून टाकू,” असे म्हणून जो आकडा सांगे, तो रुपयापर्यंत बिनचूक असे. एका शिक्षिकेच्या घरी असा फोन आला तेव्हा त्या शाळेत होत्या. फोन सासूबाईंनी घेतला. पतीच्या औषधोपचारासाठी काढलेले ते कर्ज त्या बाईंनी घरात कुणालाही कळू दिले नव्हते. आजार कोणता, हेही नव्हते. त्या दिवसानंतर त्या घरात काय झाले ते मी येथे लिहिणार नाही.

यादी फुटली होती ती आमच्याच कचेरीतून. संगणक दुरुस्तीसाठी येणारा मनुष्य दप्तराची एक प्रत ‘तपासणीसाठी’ घरी घेऊन गेला होता, एवढे कळले. पुढचा धागा लागला नाही. कचेरीला आमचे कुलूप होते, किल्ली आमच्या शिपायाच्या कमरेला होती, आणि संगणकाचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, चेअरमनसाहेबांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेला होता. संचालक मंडळाने त्या वेळी एकमताने ठरवले, की गाजावाजा करू नये. सभासदांचा विश्वास डळमळेल. त्या ठरावावर माझी सही आहे.

म्हणून जेव्हा कुणी मला म्हणे, “सर, परक्याच्या हाती दप्तर दिले तर भरवसा काय?” तेव्हा मला उत्तर सुचत नसे. आपल्या हाती होते तेव्हा काय भरवसा होता?

महिनाभर मी वाचीत राहिलो, आणि जगातल्या मोठमोठ्या दुर्घटनांचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेचे सुमारे दहा कोटी अमेरिकन आणि साठ लाख कॅनेडियन लोकांचे तपशील चोरीस गेले. दप्तर अमेझॉनच्या क्लाउडवर होते, आणि ज्या व्यक्तीने ते नेले ती पूर्वी अमेझॉनमध्येच नोकरीस होती. एवढे ऐकून कोणीही म्हणेल, की घरमालकाच्या जुन्या नोकराने घर फोडले. परंतु प्रत्यक्षात वाट मिळाली ती बँकेने आपल्या हद्दीत चुकीच्या रीतीने उभारलेल्या संरक्षक भिंतीतून. दंडही झाला तो बँकेला, आठ कोटी डॉलर. २०२४ साली स्नोफ्लेक नावाच्या क्लाउडसेवेचे सुमारे १६५ ग्राहक अशाच तडाख्यात सापडले. तेथे तर भिंत पाडावी लागलीच नाही. कर्मचाऱ्यांची चोरलेली नावे आणि पासवर्ड घालून चोर दारातून सरळ आत गेले. कित्येक पासवर्ड वर्षानुवर्षे बदललेले नव्हते, आणि पासवर्डानंतर फोनवरील दुसरी खूण विचारण्याची सोय असूनही त्या खात्यांनी ती लावून घेतली नव्हती. आमच्या टेबलाची काच मला आठवली.

या व्यवसायात एक तत्त्व रूढ आहे: जबाबदारी वाटलेली असते. इमारत, वीज, पहारा, यंत्रे ही मालकाची बाजू. आत कोणाला येऊ द्यावयाचे, कोणते कपाट उघडे ठेवावयाचे, ही भाडेकरूची बाजू. करारात हे स्वच्छ लिहिलेले असते, आणि व्यापारी मंडळी ते बहुधा न वाचता सही करतात. दप्तर दुसऱ्याकडे दिले म्हणजे काळजीही दिली, असा त्यांचा समज होतो.

मालकाच्या बाजूने चूक होतच नाही, असे मात्र कुणी समजू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची एक पाच मजली इमारत आगीत जळून गेली. माणसे वाचली, पण दप्तरे गेली. आणि काही ग्राहकांना नंतर असे आढळले, की आपली राखीव प्रतही त्याच इमारतीत होती. आपल्या देशात जुलै २०२४ अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादारावर खंडणीखोरांचा संगणकी हल्ला झाला, तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांची देवघेव थांबली. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. पुढचे नुकसान टळावे म्हणून राष्ट्रीय देयक निगमाने त्या पुरवठादारालाच काही काळ आपल्या जाळ्यापासून तोडले होते. एक दोर तुटला आणि तीनशे होड्या थांबल्या. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या होड्या आमच्यासारख्याच होत्या.

परंतु सर्वांत अधिक शिकवले ते ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीने. सहा लाखांहून अधिक सभासद, अब्जावधी डॉलरचा निधी. मे २०२४ मध्ये गूगलच्या क्लाउडवरील त्यांचे खाजगी क्लाउडचे खाते पुसले गेले. चोरी नाही, आग नाही. खाते उभारताना एका ठिकाणी राहिलेली चूक, आणि तीही मालकाच्याच बाजूची. दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती एकदमच नाहीशा झाल्या, कारण दोन्ही त्याच एका खात्याच्या होत्या. तरीही तो निधी बुडाला नाही. त्यांनी तिसरी प्रत वेगळ्याच कंपनीकडे ठेवलेली होती, आणि तिच्यावरून काही दिवसांच्या खटपटीनंतर सारे पुन्हा उभे राहिले. ज्या कुणी ती तिसरी प्रत ठेवावयास लावली, तो मनुष्य त्याच्या कचेरीत संशयी आणि खर्चिक म्हणून प्रसिद्ध असला पाहिजे. असे मला आपले वाटते.

आता कराराविषयी थोडेसे. बँकेतील लॉकरबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले, की आत काय आहे ते ठाऊक नाही एवढ्या सबबीवर बँकेला हात झटकता येणार नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केला, की आग, चोरी, दरोडा वा नोकराची अफरातफर झाल्यास बँकेने वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई द्यावी. आमच्यापुढे आलेल्या क्लाउडच्या करारात भरपाईची कमाल मर्यादा होती ती मागील बारा महिन्यांत आम्ही भरलेल्या भाड्याइतकी. एक पट! मी हे टिपणात ठळक लिहिले. पुरवठादाराच्या तरुण प्रतिनिधीने हसून सांगितले, “सर, सगळीकडे असंच असतं.” त्याचे खरे असावे. परंतु सगळीकडे असते म्हणून ते आपल्या सभासदांपासून लपवावे, असे कुठे लिहिले आहे?

अमेरिकेने २०१८ साली एक कायदा केला. त्यानुसार अमेरिकन कंपनीने ठेवलेली माहिती जगात कोठेही असली तरी तेथील न्यायालयीन आदेशाने ती मागता येते. योगायोग असा, की त्या कायद्याच्या आद्याक्षरांचा उच्चारही ‘क्लाउड’ असाच होतो. युरोपातील व्यापाऱ्यांना हा प्रश्न फार छळतो. आमच्या सभेत मात्र, “अमेरिकेचं सरकार आमच्या मास्तरांचे हप्ते कशाला बघेल?” या प्रश्नाने तो निकालात निघाला, आणि मीही फारसा विरोध केला नाही. आमचा धोका सातासमुद्रापलीकडचा नव्हता. तो गल्लीतला होता.

गल्लीतल्या धोक्यावर मात्र कायद्याने बोट ठेवले आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. या कायद्यात प्रत्येक नागरिकाचा उल्लेख स्त्रीलिंगी सर्वनामाने केला आहे, ही गोष्ट व्याकरणाचा शिक्षक म्हणून मला मोठी गोड वाटली. परंतु त्यातील दोन कलमे गोड नाहीत. ज्याने लोकांची माहिती घेतली तोच तिला उत्तरदायी. मग त्याने ती सांभाळावयास तिसऱ्या कुणाकडे दिलेली असो. आणि माहिती फुटली, तर जिची माहिती फुटली त्या प्रत्येक व्यक्तीला तसे कळविले पाहिजे.

ते दुसरे कलम वाचून मी चष्मा काढून ठेवला. आमच्या ‘गाजावाजा करू नये’ या ठरावाचे नाव त्या कलमात नव्हते, एवढेच.

टिपणाचा शेवट करताना मला घरातील एक वस्तू आठवली. माझ्या आजोबांचे सराफीचे चोपडे आमच्या माळ्यावर आहे. अक्षर मोडी, अस्खलित, एकटाकी. घरात ते आता कुणालाही वाचता येत नाही. कोणाकडे किती येणे होते, कोणाचे दागिने ठेव म्हणून होते, सारे आमच्या डोळ्यांपुढे असून आम्हांला बंद आहे. संगणकातही हीच युक्ती करतात. माहिती सांकेतिक रूपात बदलून ठेवतात, म्हणजे ती उचलून नेणाऱ्यास हाती केवळ रेघोट्या लागतात. वाचण्याची किल्ली ज्याच्याकडे तोच खरा मालक. परंतु किल्ली हरवली, तर मालकाची गत माझ्यासारखी होते. तेव्हा किल्ली पुरवठादाराकडे न ठेवता संस्थेकडे असावी, आणि ती एका माणसाच्या स्मरणात न राहता दोघांच्या सह्यांनी मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या एका बँकेच्या लॉकरमध्ये असावी, असे मी सुचवले. प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव आणि पासवर्ड निराळे. नोकरी सुटली त्याच दिवशी ते बंद. दुसरी प्रत दुसऱ्याच कंपनीकडे. हा शेवटचा खर्च पाहून खजिनदार कुरकुरले. त्यांना मी ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली की माझ्या चिकाटीला ते कंटाळले, हे सांगता येत नाही, पण मंजुरी मिळाली.

भाद्रपदात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. टिपण वाचण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. क्लाउड, करार, किल्ली, सारे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून एक शिक्षिका उभ्या राहिल्या. त्याच.

“सर, आमचं कर्ज किती आहे, ते आता कुणाकुणाला कळणार?”

सभागृहात पंखे फिरत होते तेवढाच आवाज. चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला समजत होता. कचेरीतील तीन कर्मचाऱ्यांना, कर्जसमितीला, आणि हिशेब तपासनीसांना, असे उत्तर माझ्याजवळ तयार होते, आणि ते खोटेही नव्हते. मी ते दिले. आणि मग, कागद खाली ठेवून, तीन वर्षांपूर्वी संस्थेच्या कचेरीतून यादी फुटली होती, आम्हांला ते ठाऊक होते, आणि आम्ही ते सभासदांना सांगितले नाही, हेही सांगितले.

त्यानंतरचा अर्धा तास मला फारसा आठवत नाही. दोघा-तिघांनी राजीनाम्याची मागणी केली. ती रास्तच होती. एका वयस्क सभासदाने ठेव काढून घेण्याचा अर्ज तेथेच लिहून दिला, आणि पुढच्या आठवड्यात खरोखरच ठेव काढली. ठराव मंजूर झाला, पण थोड्या मतांनी. त्या बाईंनी मत कोणत्या बाजूस दिले ते मी पाहिले नाही. सभा संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही ती प्रत परत आणून दाखवणार आहात ना? तेव्हा मला बोलवा.”

प्रत असणे निराळे आणि तिच्यावरून दप्तर पुन्हा उभे करता येणे निराळे. म्हणून एकदा मूळ दप्तर नाहीसे झाले आहे असे समजून सारे उभे करून पाहावयाचे, अशी अट आम्ही घातली होती. पहिल्या रविवारी ती फसली. दुसऱ्या कंपनीकडची प्रत नऊ दिवस नव्याने भरलीच गेली नव्हती. मध्यंतरी पासवर्ड बदलला आणि तो त्या यंत्रणेला कुणी कळवला नाही. पुरवठादाराच्या मुलाचा चेहरा पडला. मला मात्र हायसे वाटले. पूर येण्याआधी गळती सापडली होती.

दुसऱ्या रविवारी चार तास लागले. पुरवठादाराने एक तास म्हटले होते. दुपारी अडीचच्या सुमारास एका जुन्या संगणकावर आमची खतावणी पुन्हा उमटू लागली, नावामागून नाव. त्या बाई पिशवीतून पासबुक काढून बसल्या होत्या. हिशेबनीसांनी त्यांचे खाते उघडले आणि सवयीने खणखणीत आवाजात सुरुवात केली, “बाई, तुमची कर्जबाकी रुपये एक लाख...”

“मोठ्यानं वाचू नका,” त्या म्हणाल्या.

हिशेबनीस थांबले. त्यांनी पडदा बाईंच्या बाजूस वळवला. त्या पासबुकावर बोट ठेवून एकेक ओळ ताडून पाहू लागल्या, आणि आम्ही उरलेले चौघे खिडकीबाहेर पाहत बसलो.